तीन एक्के आणि आठची पाळी

आमच्या कॉलनीत बोअर एक आणि घरं पाच आहेत. धाराशिवच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. तो नुसता "हं" म्हणून मान हलवतो आणि स्वतःच्या बोअरचं सुरू करतो. बाहेरगावच्यांसाठी मात्र थोडं फोडून सांगतो. सकाळी सहाला मोटर चालू होते. प्रत्येक घराला अर्धा तास. पहिल्या घराला पाणी असं धबाधबा येतं की पाइप हातात ठरत नाही. दुसऱ्या, तिसऱ्यालाही बरं येतं. आठची पाळी आली की बोअर आधी खोकतो, मग फुसफुसतो आणि शेवटी चहाच्या रंगाचं काहीतरी देतो. आठची पाळी तीन वर्षांपासून आमच्याकडं आहे.

पाळ्या दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला चिठ्ठ्या टाकून ठरतात. तीन वर्षं लागोपाठ माझ्याच नशिबी पाच नंबर यावा यात मला काळंबेरं दिसत होतं. पण चिठ्ठी उचलायला दरवेळी मीच गेलो होतो, त्यामुळं संशय घ्यायला माणूस सापडेना.

माझं म्हणाल तर मला आठची पाळी चालली असती. मी इथल्याच कॉलेजात हेडक्लार्क आहे, ऑफिस चालत दहा मिनिटांवर. प्रश्न आमच्या मंडळींचा, म्हणजे महेश्वरीचा होता. ती बेंबळीच्या शाळेत शिकवते आणि तिची एसटी आठनंतर लगेच सुटते. पाण्याविना आंघोळ नाही, स्वयंपाक नाही, भांडी नाहीत. रोज ती त्या चहाच्या रंगाच्या पाण्याची वाट बघत थांबायची आणि मग पदर खोचून स्टँडकडं पळायची. बऱ्याचदा गाडी तिला पाठ दाखवायची. शाळेत नियम असा की तीन लेटमार्कांना एक रजा कापायची. आणि यंदा तिला रजा पाहिजे होती, कारण आमची शुभांगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. रजा अशाच गळत राहिल्या असत्या तर पोरीच्या बाळंतपणात आई बेंबळीत आणि कोमट पाण्याच्या बादल्यांशी मी, असा देखावा झाला असता.

"तुम्ही पाणी भरा ना, मी पुढं निघते," असं महेश्वरी पूर्वी एकदा म्हणाली होती. पण आठला माझी लिंगपूजा असते. शिवाय माझी कंबर. शिवाय पाणी भरणं हे ज्याचं त्याला जमतं. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं होतं आणि तिनंही ते ऐकून घेतलं होतं, निदान ती काही बोलली तरी नव्हती.

दसऱ्याला माझा मेहुणा विरेश पुण्याहून आला. तो तिथं कसल्याशा कंपनीत आहे आणि शनिवारी मित्रांबरोबर पोकर खेळतो. पैसे लावून नाही, असं त्यानं बहिणीसमोर तीनदा सांगितलं. त्यानं मला पोकर शिकवलं. खेळ सोपा आहे. दोन पानं प्रत्येकाच्या हातात, ती कुणाला दाखवायची नाहीत. पाच पानं मध्ये सतरंजीवर, ती सगळ्यांची. आधी तीन उघडायची, मग एक, मग शेवटचं एक. सात पानांतून ज्याची पाच पानं भारी तो जिंकला. मधेमधे डाव वाढवायचा. ज्याला झेपत नाही तो पानं टाकून उठतो.

"पण दाजी, खरी गंमत वेगळीच," विरेश म्हणाला. "पानं भारी आली की एकदम उडी मारायची न्हाय. गरीब व्हायचं. आपल्याकडं काहीच न्हाय असं दाखवायचं. समोरचा फुकटात आत येतो, रमतो, आणि मग शेवटी त्याला धरायचं. याला स्लो प्ले म्हणतात."

मला हे एकदम पटलं. आयुष्यभर मी हेच करत आलो होतो, फक्त त्याला इंग्रजी नाव आहे हे माहीत नव्हतं. लोणचं कसं, घातल्या दिवशी कुणी खात नाही. मी या विद्येचं नाव मुरवणं असं ठेवलं. यानंतर विरेशनं बोट वर करून "मात्र दाजी, एक लक्षात ठेवा" असं काहीतरी सुरू केलं होतं. पण तेवढ्यात महेश्वरी सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, घेऊन आली, आणि गरम सुशीला समोर असताना मी कुणाचंच लक्षात ठेवू शकत नाही.

त्या रात्रीच माझ्या डोक्यात आलं की पाळ्या चिठ्ठ्यांनी का ठरवायच्या? चिठ्ठी हा नशिबाचा खेळ. पोकर हा बुद्धीचा. आणि कॉलनीत बुद्धी कुणाकडं आहे हे मी स्वतःच्या तोंडानं सांगायला नको.

सूचना मी दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांपुढं मांडली. अध्यक्ष उमाशंकरशेठ यांचं कापडदुकान आहे, पण त्यांचा जीव नियमांत आहे. पाच घरांच्या कॉलनीची त्यांनी घटना लिहिली आहे. त्यांनी लेखी अर्ज मागितला. अर्ज दिला तर अनुमोदक कुठं आहे, असं विचारलं. अनुमोदक म्हणून आबाराव मिळाले. ते एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत आणि पत्त्याचं नाव काढलं की ते कशालाही अनुमोदन देतात. मग हरकती मागवल्या. हरकत धम्मपालसाहेबांची आली. ते पोस्टात आहेत आणि कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो उलटा करून बघतात.

"हा जुगार होत नाही ना?" ते म्हणाले. "मी सरकारी माणूस. उद्या कुणी तक्रार केली तर?"

"पैसे लावायचेच न्हाईत," आबाराव म्हणाले. "चिंचोके लावू. चिंचोक्याला कलम न्हाय."

यावर बराच खल होऊन शेवटी 'पाणीवाटपार्थ चिंचोक्यांचा बौद्धिक सामना' अशी नोंद झाली. ज्याच्याकडं शेवटी जास्त चिंचोके त्याला पहिली पाळी, मग उतरत्या क्रमानं. दोन घरांना आपसात पाळी बदलायची असेल तर बदलावी. आणि प्रत्येक घरातून एक माणूस बसलाच पाहिजे, नाहीतर सामना बाद.

हे शेवटचं कलम गौराबाईंना जाचक झालं. गौराबाई आमच्या समोर राहतात. एकट्याच. पहाटेपासून कडक भाकरी करतात, ती तुळजापूरच्या दुकानांत जाते. त्यांना पत्त्यातलं काही कळत नाही. "म्या कशाला? माजी पाळी कोणती बी असू द्या," त्या म्हणाल्या. पण शेठनी घटना काढून दाखवली, तेव्हा त्या बिचाऱ्या तयार झाल्या.

त्याच बैठकीत शेठनी मला एक सरळ प्रश्न विचारला. "विरुपाक्षअप्पा, तुमची काही खास अडचण आहे का? असंल तर बोला. खेळाबिळाच्या आधीच आपण समजुतीनं बघू."

सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्याकडं लेटमार्क होते, बाळंतपण होतं, तीन वर्षांचा अन्याय होता. इतकी भारी पानं कॉलनीत कुणाकडंच नव्हती. पण भारी पानं आली की काय करायचं हे मला आता माहीत होतं. मी गरीब चेहरा केला आणि म्हणालो, "छे छे, अडचण कसली! सगळ्यांचं होईल ते आमचं."

घरी आल्यावर महेश्वरीनं विचारलं, "सांगितलंत का शुभांगीचं?"

"सांगायची एक वेळ असते," मी म्हणालो. "आत्ताच सांगितलं तर तिसरी पाळी देऊन तोंड बंद करतील. मला पहिली पाहिजे."

"मला तिसरी चालली असती," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली. बायकांना मोठा विचार जमत नाही असं मला त्या क्षणी वाटलं. आता वाटत नाही.

पाडव्याच्या दुपारी शेठच्या व्हरांड्यात सतरंजी पसरली. पानं वाटायला विरेश पुण्याहून पुन्हा खास आला होता. प्रत्येकापुढं चिंचोक्यांचा सारखा ढीग. आबारावांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "अप्पा, चांगली पानं आली की चेहऱ्यावर कळतं. तवा पानं बघायचीच न्हाईत." पानं न बघता ती चांगली आहेत हे कसं कळायचं, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की हा पुढचा भाग आहे. स्वतः ते पानं बघायच्या आधीच चिंचोके लावत होते आणि मोठ्या आनंदात हरत होते.

तासाभरात चित्र असं होतं की माझे आणि गौराबाईंचे चिंचोके जवळपास होते तेवढेच, कारण आम्ही दोघंही काहीच करत नव्हतो. मी धोरण म्हणून आणि त्या कंटाळ्यानं. शेठनी शेवटचा डाव जाहीर केला.

मी माझी दोन पानं उचलली. इस्पिकचा एक्का. खाली किलवरचा एक्का.

माझ्या कानातून गरम वारं गेलं. मी पाण्याचा घोट घेतला, मग चेहरा असा केला की समोर बसलेल्या धम्मपालसाहेबांनी "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. मी मोजके चिंचोके टाकले. सगळ्यांनी टाकले. विरेशनं मधली तीन पानं उघडली. बदामचा एक्का, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री.

तीन एक्के! महाराज, तीन! सतरंजीवर त्या घटकेला माझ्यापेक्षा भारी कुणीच असू शकत नव्हतं. ओंजळभर चिंचोके पुढं सारले असते तर चौघांनी पानं टाकली असती, समोरचा ढीग माझा झाला असता आणि दुसरी पाळी तर नक्की होती. पण मला पहिली पाहिजे होती, आणि त्यासाठी सगळे आत राहायला हवे होते. मी सतरंजीवर बोटानं टकटक केलं. म्हणजे मला काही वाढवायचं नाही, पुढचं पान फुकट बघू द्या.

"माज्याकडं काय बी न्हाय बघा," गौराबाई पानं खाली ठेवत म्हणाल्या. "अठ्ठी आन् नव्वी. म्या जाते, पीठ चाळायचं ऱ्हायलंय."

"काकू, पानं सांगायची नसतात," विरेश म्हणाला.

त्यांचे चिंचोके मला पाहिजे होते. "बसा हो गौराबाई," मी म्हणालो. "फुकटच तर आहे. एक पान बघून जा." त्या बसल्या.

चौथं पान आलं. बदामची दश्शी. मी पुन्हा टकटक केलं. विरेशनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं शिष्याचं कौतुक करतोय. तो डोळे मोठे करत होता, मान हलवत होता, एकदा तर खोकलाही. मी त्याला पाणी दिलं.

गौराबाई पुन्हा उठल्या. "झालं न्हवं आता?"

"अहो आता शेवटचंच पान. एवढं बसलात, आणि आता जाता? शेठ, घटनेत मधूनच उठायची सोय आहे का?"

"नाही," शेठ म्हणाले. सोय होती, हे मला नंतर कळलं. पण नियम विचारला की शेठ आधी नाही म्हणतात. गौराबाई तिसऱ्यांदा खाली बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, "अव्वा गं" म्हणत.

पाचवं पान इस्पिकचा गुलाम.

लोणचं मुरलं होतं. मी माझा सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढं लोटला. काही चिंचोके घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेले. शेठनी पानं टाकली. धम्मपालसाहेबांनी पानं टाकली. आबारावांनी शेवटी एकदाची पानं बघितली आणि टाकली.

"आता हे सगळं टाकलं की संपतं न्हवं?" गौराबाईंनी विरेशला विचारलं.

"संपतं."

"मग घ्या बाबा," असं म्हणून त्यांनी ढीग लोटून दिला आणि चप्पल शोधायला लागल्या.

मी माझे एक्के एकेक करून मांडले. हे दृश्य मी दसऱ्यापासून मनात बघत होतो. आबाराव "बाबोऽ" म्हणाले. शेठनी चष्मा काढला. विरेश मात्र गौराबाईंच्या पानांकडं बघत राहिला. मग त्यानं खालच्या पानांत ती सरकवली आणि बोट ठेवत गेला. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "ओळ लागली. तीन एक्क्यांवर ओळ भारी."

"पण त्या तर उठून चालल्या होत्या!"

"व्हय. तुम्ही बसवलं की. मी दसऱ्याला तेच सांगत होतो. पानं यायची बाकी असताना फुकट बसू द्यायचं न्हाय कुणाला."

गौराबाई पहिल्या. मग शेठ, धम्मपालसाहेब, आबाराव. माझ्याकडं एकही चिंचोका नव्हता. उंबऱ्याजवळ घरंगळलेले दोन मी माझे म्हणून मागून बघितले, पण शेठनी ते डावात धरले.

आणि इथं एक चमत्कार झाला. पहिली पाळी मिळाली हे कळल्यावर गौराबाईंनी कपाळाला हात लावला. "सहाला? अवो सहाला माजे हात पिठात असत्यात. भाकऱ्या सरल्यावर पराती धुवायला पानी लागतंय मला. मला मेली शेवटची द्या की कुणीतरी!"

शेवटची माझ्याकडं होती! त्यांना पाहिजे ते माझ्याकडं, मला पाहिजे ते त्यांच्याकडं. तीन एक्के गेले, पण ही पानं त्याहून भारी होती. तोंड उघडून "घ्या" म्हणायचा अवकाश. पण नुकताच पाच जणांसमोर झालेला माझा पाडाव ताजा होता. हरलेल्या माणसानं लगेच हात पसरायचे? मी ठरवलं की गरज गौराबाईंची आहे, त्या येतील माझ्या दारात. मग मी थोडं कुरकुरून, उपकार म्हणून, पहिली पाळी घेईन. मान राहील आणि पाणीही.

घरी महेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मी आत्ता जाऊन गौराबाईंशी बोलते."

"खबरदार," मी म्हणालो. "सगळं बिघडवशील. दोन दिवस थांब."

"शुभांगीचा फोन आला होता. तारीख पुढच्या महिन्यातली धरलीय डॉक्टरांनी. माझ्या रजा किती उरल्यात माहीत आहे तुम्हाला?"

"म्हणूनच तर म्हणतो, घाई नको."

विरेश पत्ते आवरत होता. तो मध्येच थांबून म्हणाला, "दाजी, अक्काला जाऊ द्या." पण मेहुण्यानं घरच्या गोष्टीत पडू नये असं माझं मत आहे, आणि ते मी त्याला सांगितलं.

भाऊबीज झाली. गौराबाई रोज दारात दिसायच्या. एकदा त्यांनी माझ्याकडं बघून "काय अप्पा?" असंही म्हटलं. मी "काही नाही, निवांत" असं उत्तर दिलं आणि पेपर तोंडापुढं धरला. आतून मला त्या येणार याची खात्री होती.

त्या आल्या. सुट्टी संपून शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी. हातात ताटलीभर शेंगाच्या पोळ्या होत्या. मी पेपर ठेवला, बाही सारखी केली, कुरकुर तयार ठेवली.

"आबारावची पाळी घेतली म्या," त्या म्हणाल्या. "त्यानं पाडव्यालाच मागितली. खाली चप्पल घालतानाच म्हनला, काकू, मला सहाची द्या, सकाळी उठून मला दुसरं काय काम असतंय? म्या म्हनलं, दोन दिस थांब बाबा. माज्या मनात तुमचं घर होतं. महेश्वरी रोज एसटीमागं पळती, मला काय दिसत न्हाय व्हय? तुमी एक शबुद बोलाल म्हनून वाट बघितली. त्या दिशी इचारलं बी, काय अप्पा म्हनून. तुमी म्हनलात निवांत. मग म्या म्हनलं, असंल बाबा, यांस्नी आठचीच बरी वाटत असंल."

मला काहीतरी बोलायचं होतं. पोळ्या छान झाल्यात, असं मी म्हणालो. पोळी अजून ताटलीतच होती.

महेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ताटली घेतली, गौराबाईंना बसायला पाट दिला आणि पदराला हात पुसत सरळ घराबाहेर पडली. शेजारी धम्मपालसाहेबांचं दार वाजल्याचं ऐकू आलं. दोन मिनिटांत ती परत आली.

"धम्मपालसाहेबांच्या प्रीतीवहिनींना विचारलं," ती मला म्हणाली. "सकाळी सातला त्यांच्याकडं आंघोळ करून दोन घागरी आणल्या तर चालतील का. त्या म्हणाल्या, तीन वर्षं काय झोपली होतीस का? उद्यापासून मी त्यांच्याकडं आवरून तिकडूनच स्टँडवर जाणार. माझी एकही रजा आता जाणार नाही."

"वा!" मी म्हणालो. "मग प्रश्नच मिटला."

"माझा मिटला. आठची पाळी तुमची. घरचं पाणी तुम्ही भरायचं, भांडी तुम्ही घासायची, आणि शुभांगी आली की तिची आणि बाळाची धुणीही त्याच पाण्यात तुम्ही काढायची. पूजा त्याआधी उरका किंवा नंतर."

गौराबाई पोळीचा तुकडा मोडत माझ्याकडं बघत होत्या. महेश्वरीही बघत होती. दोघी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी चेहरा गरीब केला. या खेपेला त्यात धोरण काही नव्हतं. हातात पानच नव्हतं.